सिंगल की ट्विन

वडखळ नाक्यापासून थोडं आत अल्पेशचं ट्रकचं गॅरेज आहे. महिन्यातले दोन रविवार तिथे एकही ट्रक आत घेतला जात नाही. त्या दिवशी मधोमध एक जुनी चारशे सीसीची स्पोर्ट क्वाड उभी असते आणि तिच्याभोवती प्लास्टिकच्या खुर्च्या मांडलेल्या असतात. क्वाड म्हणजे मोटारसायकलसारखी टांग टाकून बसायची, हँडलची, पण चार जाड चाकांची उघडी गाडी. किनाऱ्यावर पर्यटकांना फिरवतात त्या गाड्या याच जातीच्या, पण संथ. स्पोर्ट क्वाड बुटकी, रुंद आणि तापट असते. तिला वेग द्यायला मूठ पिळायची नसते, उजव्या अंगठ्यानं खटका दाबायचा असतो.

ही गाडी आठ जणांनी मिळून घेतली होती. त्या आठांत बाई एकच, क्षिप्रा. ती श्रीवर्धनच्या कनिष्ठ महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवते. घरची सुपारीची वाडी आहे. उंची जेमतेम पाच फूट, वजन सत्तेचाळीस किलो. ती दर दुसऱ्या रविवारी पहाटे दिघीहून फेरीबोटीत गाडी चढवते, आगरदांड्याला उतरते आणि मुरूड, अलिबाग करत वडखळला पोचते, ते या गाडीसाठी.

जानेवारीतल्या एका रविवारी ती पोचली तेव्हा सगळे एकाच मोबाइलवर वाकले होते. पुण्याजवळच्या एका नव्या कंपनीनं आपल्या येऊ घातलेल्या स्पोर्ट क्वाडची चित्रं प्रसिद्ध केली होती. इंजिनाचे दोन पर्याय होते. एक साडेचारशे सीसीचं, एका सिलिंडरचं. दुसरं सातशे सीसीचं, दोन सिलिंडरचं.

"सातशे सीसी! ट्विन!" देवव्रत खुर्चीत बसायलाच तयार नव्हता. तो अलिबागला बँकेत अधिकारी. चांगला सहा फूट उंच, नव्वद किलोचा. जगातल्या प्रत्येक क्वाडची माहिती त्याला तोंडपाठ. "बहात्तर हॉर्सपॉवर, क्षिप्रा! आवाज ऐकलास का? थांब, लावतो."

"वजन किती?" क्षिप्रानं विचारलं.

"तू ना, कायम वजनच विचारतेस."

"किती?"

"दोनशे चौदा," देवव्रत थोड्या नाखुशीनं म्हणाला. "सिंगलचं एकशे बहात्तर."

"म्हणजे बेचाळीस किलो जास्त. इंजिन पुढे सरकवलंय, म्हणजे त्यातलं निम्मं तरी पुढच्या चाकांवर. वळताना ते कोण उचलणार?"

"ताकद आहे ना उचलायला."

"ताकद सरळ रस्त्यावर. वळणावर माझे खांदे."

अल्पेश तेवढ्यात चहा घेऊन आला. त्याच्या घरी दोन पिढ्या मिठागरात गेल्या होत्या, वडिलांनी ट्रक घेतले आणि त्यानं ट्रक दुरुस्त करायला घेतले. "इंजिनाचं तुम्ही भांडा," तो म्हणाला. "मला एवढंच सांगा, हा रेडिएटर कुणाच्या डोक्यातून आला? पुढच्या चाकांच्या बरोब्बर मागे, खाली. चिखल उडाला की डायरेक्ट जाळीत. एसीत बसून काढलेलं चित्र हाय हे. आपल्याकडचा चिखल त्यांनी बघितलाच न्हाय."

चर्चा दुपारपर्यंत चालली. मागचा आर्म, म्हणजे मागची चाकं धरणारा दांडा, किती लांब असावा, सीट किती अरुंद असावी, एअर फिल्टर सीट न काढता निघाला पाहिजे की नाही. शेवटी हात वर करून मत घेतलं तेव्हा ट्विनला सहा मतं पडली. सिंगलला दोन, क्षिप्राचं आणि अल्पेशचं.

बाहेरही तसंच होतं. कंपनीनं देशभरातल्या हौशी चालकांची मतं मागवली होती आणि जवळजवळ सगळ्यांनी ट्विन मागितलं होतं. पहिल्या वर्षी दोन्ही इंजिनं काढणं शक्य नाही, बहुतेक ट्विनच येईल, असं कंपनीनं जाहीरही करून टाकलं. क्षिप्रानं चालकांच्या एका ऑनलाइन मंचावर आपलं म्हणणं मांडलं, तर पहिलंच उत्तर आलं: "झेपत नसेल तर स्कूटी घ्या, मॅडम."

ते तिला लागलं. कारण दोन वर्षांपूर्वी नाशिककडच्या एका शर्यतीत तिनं कुणाची तरी मोठी क्वाड मागून घेतली होती आणि तिसऱ्या वळणावर ती गाडी तिच्यावरच उलटली होती. गळ्याजवळचं हाड मोडलं. सहा आठवडे हात गळ्यात बांधून ती घरी होती. भेटायला येणारा प्रत्येक जण म्हणायचा, बायकांची गाडी नव्हे ती. वडिलांनी, म्हणजे बापूंनी, तसं म्हटलं नाही. ते फक्त म्हणाले, "पुन्हा नको बसूस." ती पुन्हा बसली, आणि त्या दिवसापासून बापू या विषयावर बोलायचेच बंद झाले.

त्या सहा आठवड्यांत तिनं एक काम केलं होतं. त्या गाडीची मापं मागवून ती आपल्या शरीराच्या मापांशी ताडून पाहिली होती. हँडल तिच्यासाठी साडेसात सेंटिमीटर लांब होतं. क्लचची पट्टी तिच्या बोटांच्या दुसऱ्या पेराऐवजी टोकाला लागत होती. म्हणजे चूक तिच्या हातांची नव्हती, गाडी दुसऱ्याच कुणाच्या तरी हातांसाठी बनवलेली होती.

आता तिनं तेच सगळं लिहून काढलं. अकरा पानं झाली. आकडे, आकृत्या, मऊ जमिनीवर वजनामुळे चाक किती रुततं त्याचं गणित, हँडल पुढेमागे करता येईल अशी रचना, आणि शेवटी अल्पेशचा रेडिएटर. कंपनीला पाठवून दिलं आणि बारावीच्या प्रॅक्टिकलच्या गडबडीत ती ते विसरूनही गेली.

तीन आठवड्यांनी फोन आला. "मी दिशा बोलतेय. त्या क्वाडच्या डिझाइनचं काम माझ्याकडे आहे," पलीकडचा आवाज म्हणाला. "तुमची अकरा पानं मी दोनदा वाचली. आमच्या वरिष्ठांनी एकदाही नाही वाचली. कागदावर ते मानणार नाहीत. दोन्ही गाड्यांचे नमुने तयार आहेत. तुम्ही म्हणता तशी जमीन कुठे मिळेल?"

जमीन अल्पेशकडे होती. धरमतरच्या खाडीलगतचं त्यांचं मिठागर दहा वर्षांपूर्वी बंद पडलं होतं. मोठ्या भरतीचं पाणी अजून आत शिरायचं, पण फेब्रुवारी-मार्चात वाफे वरून कडक वाळायचे. बाहेरून पाऊण किलोमीटरचा सरळ बांध, आत लहान लहान बांधांनी तुटलेले वाफे. एक फेरी पावणेदोन किलोमीटरची.

चाचणीच्या आदल्या संध्याकाळी क्षिप्रा निघाली तेव्हा बापू सदरा घालून गाडीत येऊन बसले होते. "पेणला काम आहे माझं," ते म्हणाले. काय काम, ते त्यांनी सांगितलं नाही. फेरीबोटीवर दोघं कठड्याशी उभे राहिले.

"किती फेऱ्या मारायच्या?" बापूंनी बऱ्याच वेळानं विचारलं.

"सहा."

"आणि ती गाडी कशी आहे?"

"मापात आहे, बापू. मी लिहिलं तसं हँडल मागे घेतलंय म्हणे त्यांनी."

बापू खाडीकडे बघत राहिले. "मग बरं," म्हणाले.

सकाळी मिठागरावर सगळे जमले, पेणचं काम सोडून बापूही. कंपनीचा टेम्पो आला, त्यातून दोन गाड्या उतरल्या. ट्विन काळी, सिंगल राखाडी. दिशा चाळिशीची, उन्हानं रापलेली, डोक्याला ओढणी बांधलेली बाई निघाली. तिच्याबरोबर कंपनीचा चाचणी चालक शुभम होता, सव्वीस-सत्तावीस वर्षांचा आणि कमी बोलणारा.

अल्पेशची आई, सखुबाई, सगळ्यांच्या आधी येऊन वाफ्यांतून अनवाणी फिरून आली होती. या मिठागरात तिनं तीस वर्षं मिठाच्या पाट्या वाहिल्या होत्या. तिनं शुभमला आणि क्षिप्राला दोघांनाही शेजारी उभं करून सांगितलं, "त्यो मधला वाफा दिसतो ना, पांढरा? वरून सुकलाय, पन खाली चिखल हाय. हलकं मानूस जाईल, भारी मानूस रुतंल. तुमच्या गाडीचं काय ते तुमी बघा. कडंनं वाट हाय, पन लांब पडंल."

शुभम ट्विन घेऊन आधी निघाला. बांधावर गाडीनं जो वेग घेतला, त्यानं देवव्रतच्या तोंडून शिट्टीच निघाली. पहिल्या फेरीत शुभमनं मधला वाफा सरळ ओलांडून पाहिला, पण मागची चाकं रुतली, खेचून बाहेर काढताना काही सेकंद गेले. पुढच्या पाचही फेऱ्या त्यानं कडेनं घेतल्या. सहा फेऱ्यांना अकरा मिनिटं चाळीस सेकंद लागले.

मग क्षिप्रा सिंगलवर बसली. कोपर जरा वाकलेलं राहिलं, क्लच दुसऱ्या पेराखाली आला. पहिल्यांदाच एखादी गाडी तिच्या हाताला हातमोज्यासारखी बसली होती. बांधावर तिची गाडी मागे पडत होती, ते तिला ठाऊक होतं. पण वाफ्यात उतरल्यावर ती नुसती अंग कलवायची आणि गाडी वळायची. मधल्या वाफ्यावर तिनं सीटवरून किंचित उठून, वेग न सोडता गाडी सरळ घातली. मिठाचा पापुद्रा कडकड वाजला आणि ती पार झाली. तीन फेऱ्या झाल्या तेव्हा ती शुभमच्या चार सेकंद पुढे होती.

चौथ्या फेरीत लाल दिवा लागला. गाडीचा जोर गेला. इंजिन फार तापलं की आपोआप जोर कमी करायची व्यवस्था होती, ती चालू झाली आणि गाडी रांगत रांगत येऊन थांबली.

क्षिप्रानं हेल्मेट काढलं. पुढे वाकून पाहिलं तर रेडिएटरची जाळी खाऱ्या चिखलानं लिंपून गेली होती. ट्विनच्या जाळीतही चिखल होता, पण तिचा रेडिएटर मोठा असल्यानं ती तगली होती.

दिशाचा फोन वाजला. ती बाजूला जाऊन बोलली, परत आली ती ओठ आवळून. "वरिष्ठ म्हणताहेत, सिंगल बंद पडली, विषय संपला. गाड्या परत आणा."

क्षिप्राच्या डोळ्यांत पाणी आलं, ते तिनं मातीच्या हातानंच पुसलं.

"एक मिनिट, मॅडम," अल्पेश दिशाला म्हणाला. "बंद पडलं ते इंजिन न्हाय. पत्रात लिहिलेलं ना आम्ही, जाळी भरणार म्हणून? ते खरं झालं, एवढंच. मला दीड तास द्या."

दिशानं घड्याळ पाहिलं. "संध्याकाळच्या आत पोचायचंय मला," ती म्हणाली. "म्हणजे दीड तास आहे तुझ्याकडे."

अल्पेश बाइकवरून गॅरेजवर गेला आणि ट्रकच्या मागच्या चाकांना लावतात तो रबरी मडफ्लॅप घेऊन आला. बापूंनी कागदावर रेडिएटरच्या आधी, चाकामागे, तो कोणत्या कोनात बसवावा ते काढलं. वाडीतल्या पाटाच्या पाण्याला वळण द्यायला ते असेच पत्रे तिरके लावायचे. "सरळ लावलास तर हवाही अडेल," ते म्हणाले. "असा धर. पाणी, चिखल बाहेर जाईल आणि वारा आत येईल." देवव्रतनं बँकेतला शर्ट काढून ठेवला आणि गाडीखाली शिरून नट धरले. क्षिप्रानं दात घासायच्या ब्रशनं जाळीची एकेक पट्टी साफ केली. दिशा सुरुवातीला नुसती बघत होती, मग तीही गुडघ्यावर बसली आणि टेपनं मापं घेऊन वहीत लिहू लागली.

दोन वाजता, भर उन्हात, क्षिप्रा पुन्हा पहिल्या फेरीपासून निघाली.

या वेळी तिनं तापमानाच्या काट्याकडे फक्त बांधावर पाहिलं. काटा मध्यावरच होता. वाफ्यांत तिनं सगळं विसरून गाडी चालवली. डावीकडे अंग टाकलं की डावीकडे, उजवीकडे टाकलं की उजवीकडे. लहान बांधावरून चारही चाकं उचलली जायची आणि पलीकडे खाली टेकायच्या आधीच तिचा अंगठा पुढच्या वेगाला दाबलेला असायचा. पाचव्या फेरीला तिचे दंड दुखू लागले होते, पण खांदा शाबूत होता. सहावी फेरी संपवून ती आली तेव्हा देवव्रत दोन्ही हात वर करून पळत येत होता.

"अकरा एकतीस! नऊ सेकंद! क्षिप्रा, नऊ सेकंद!"

अल्पेशनं गॅरेजच्या पोरांना शोभेल अशी आरोळी ठोकली. सखुबाई टाळ्या वाजवत होती. दिशानं फोन काढला, पण क्षिप्रानं तिला हातानं थांबवलं.

"आत्ता नका कळवू," ती धापा टाकत म्हणाली. "ते म्हणतील, ही बाई हलकी आहे, तिला इथली जमीन माहीत आहे, म्हणून जिंकली. चालक बदलला आणि गाडीही बदलली, तर उत्तर कशामुळे आलं ते कसं कळणार? शुभम, तू बस सिंगलवर."

शुभम तिच्याकडे बघतच राहिला. "मी जास्त वेगात गेलो तर आजचा सगळ्यात चांगला वेळ तुमचा राहणार नाही, मॅडम."

"माहीत आहे. जा तू. हँडल तुझ्या मापाला पुढे कर, दोन खुणा."

शुभमनं हँडल पुढे घेतलं. पहिली फेरी त्यानं जपून मारली. दुसऱ्या फेरीत तो मधल्या वाफ्याशी आला, क्षणभर कडेच्या वाटेकडे वळल्यासारखा वाटला आणि मग सरळ आत शिरला. पापुद्रा फुटला, पण गाडी थांबली नाही. तिथून पुढे तो बदललाच. दिवसभर गप्प असलेला हा मुलगा प्रत्येक उडीला हेल्मेटच्या आतून ओरडत होता आणि ते बांधावर ऐकू येत होतं. बापू कधी उठून उभे राहिले ते त्यांनाही कळलं नाही. शेवटच्या फेरीला ते सदऱ्याच्या बाह्या सावरत बांधाच्या अगदी टोकाशी गेले होते आणि मोठमोठ्यानं आकडे मोजत होते.

"अकरा मिनिटं, बारा सेकंद," दिशा म्हणाली. तिनं घड्याळ पुन्हा पाहिलं, मग देवव्रतच्या मोबाइलशी ताडून पाहिलं. तोच चालक, तीच जमीन, आणि सिंगल अठ्ठावीस सेकंदांनी पुढे.

क्षिप्रा मातीत बसली होती ती उठली आणि तिनं शुभमला कडकडून मिठी मारली. तिचा वेळ मागे पडला होता आणि तिला इतका आनंद कधी झाला नव्हता.

दिशानं फोन सगळ्यांसमोरच लावला, स्पीकरवर. आकडे वाचून दाखवले. मग पलीकडून आवाज आला, "चालकाला द्या."

शुभम पुढे झाला. "सर, बांधावर ट्विनच भारी आहे," तो म्हणाला. "ते खोटं नाही सांगणार. पण मला स्वतःच्या पैशानं एक घ्यायला सांगितली, तर मी ही राखाडी घेईन. आणि ते हँडल, सर. ते मागेपुढे होणारं हँडल दोन्ही गाड्यांना पाहिजे. इतकी वर्षं मीही माझ्या मापाच्या नसलेल्या गाडीवर बसत होतो, ते आज कळलं."

"पुढच्या आठवड्यात बैठक घेऊ," पलीकडचा आवाज म्हणाला. "ती अकरा पानं मला पुन्हा पाठवा."

"पुन्हा म्हणे," दिशा फोन ठेवून म्हणाली आणि सगळे पोट धरून हसले.

त्या बैठकीत क्षिप्रालाच बोलावलं गेलं. ती फळ्यावर शिकवते तसंच शिकवून आली. जूनमध्ये कंपनीनं जाहीर केलं की सिंगल आधी येईल, ट्विन पुढच्या वर्षी, आणि दोन्हींना हलतं हँडल असेल. रेडिएटर वर उचलला गेला आणि त्याच्यापुढे तिरकी रबरी ढाल आली. अंतिम मापं ठरवण्यासाठी बारा चालक बोलावले, त्यांत पाच बायका होत्या. क्षिप्रानंच ती नावं सुचवली होती, म्हसळ्याच्या एका नर्सबाईसकट.

त्या घोषणेनंतरच्या रविवारी गॅरेजमध्ये खुर्च्या कमी पडल्या. अलिबागहून, पेणहून, थेट पनवेलहून लोक आले होते. त्यांत त्या मंचावरचा स्कूटीवालाही होता. तो क्षिप्रासमोर येऊन खाली बघत म्हणाला, "मॅडम, सिंगलला मागचा आर्म किती लांब घ्यावा, जरा विचारायचं होतं."

"बसा," क्षिप्रा म्हणाली. "आधी सांगा, तुम्ही चालवणार कुठे? वाळूत की चिखलात?"

तो सांगू लागला. देवव्रतनं मध्येच ट्विनची बाजू घेतली, अल्पेशनं त्याला गप्प केलं, आणि क्षिप्रानं फळा म्हणून ट्रकचा जुना पत्रा भिंतीला टेकवून खडू हातात घेतला.